दूर्वांवरची खडी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रोलर आहे आणि या घरातल्या एका माणसावर माझा मनापासून राग आहे. आत्मवृत्तात गोड बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण माझ्या पोटात काँक्रीट भरलेलं आहे, गोडवा नाही.

माझा जन्म गोरव्याच्या एका कारखान्यात झाला. दांडिया बाजारातलं भाड्याचं घर सोडून दोन भावांनी गावाबाहेर बंगली बांधली, तेव्हा धाकट्या विश्वासरावांनी मला हातगाडीवरून आणलं. अंगणात त्यांनी हरळी, म्हणजे दूर्वाच, लावली होती. रविवारी सकाळी ते पाणी शिंपडायचे आणि मला हळूहळू फिरवायचे. मी एवढा जड, पण माझ्याखाली गवत मोडायचं नाही, उलट दाट व्हायचं. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून "बहु सरस", फारच छान, असं म्हणायचे. मी फुगून जायचो.

विश्वासरावांच्या पत्नी उषाताई मागच्या दोन खोल्यांत राहतात. देवघर पुढच्या बाजूला, थोरल्या गुणवंतरावांकडे. रोज आंघोळ करून उषाताई ओलेत्या केसांनी हिरवळीवर यायच्या, वाकून दूर्वा खुडायच्या आणि तशाच अनवाणी चालत देवघरात जायच्या. देवाच्या दूर्वा हातात असताना त्या पायात चप्पल घालत नाहीत. हे या घरात सगळ्यांना माहीत होतं. गुणवंतरावांना तर नक्कीच माहीत होतं.

विश्वासराव वारले आणि मला हात लावणारं कुणी उरलं नाही. हिरवळीला टक्कल पडू लागलं, मोथ्याचं तण माजलं. गुणवंतराव सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. हुकूम सोडायला कारकून उरले नव्हते, म्हणून त्यांनी गवतावर हुकूम सोडला. चिखल नको, तण नको, रोजचं पाणी नको. सगळं उपटा, काळं कापड अंथरा आणि वर खडी टाका.

उषाताईंनी विरोध केला नाही. नळाजवळचा एक कोपरा गणपतीच्या दूर्वांसाठी सोडा, इतकंच त्या म्हणाल्या. देवाचं नाव आल्यावर गुणवंतरावांना नाही म्हणता येईना. कोपरा राहिला.

मग मला अडगळीतून ओढून काढलं. ज्या मातीवर मी गवत जोपासलं, तिच्यावरच खडी दाबायला मला ढकललं. माझ्याखाली दगड कराकरा वाजत होते आणि गुणवंतराव व्हरांड्यात चहा पीत बघत होते. काम संपल्यावर मला फाटकामागे टाकलं. पुसायचं सौजन्यही कुणी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उषाताई दूर्वा घेऊन निघाल्या. चार पावलं गेल्या आणि थांबल्या. खडी टोकदार होती. गुणवंतरावांच्या पत्नी प्रतिमाबाई खिडकीतून म्हणाल्या, की चप्पल घाला ना, आता कोण एवढं पाळतं. उषाताई अनवाणीच पुढे गेल्या. आठवडाभराने त्या दूर्वा प्रतिमाबाईंच्या हाती खडीच्या कडेशीच देऊ लागल्या. देवघरात जाणं बंद झालं. गुणवंतरावांनी एकदाही विचारलं नाही.

हरळी मात्र उषाताईंसारखी सोशीक नव्हती. पावसाळा लागताच कोपऱ्यातून तिने कापडाखालून मुळं सोडली आणि दोन कापडांच्या सांध्यासांध्यातून वर आली. मला इतका आनंद झाला, की काय सांगू. गुणवंतराव रोज उपटायचे, ती रोज उगवायची. शेवटी त्यांचा पारा चढला. रोगाचं मूळ त्या कोपऱ्यातच आहे म्हणत त्यांनी तणनाशकाचा पंप आणला आणि गणपतीचा कोपरासुद्धा सोडला नाही.

चतुर्थी तोंडावर आली होती. कोपरा पिवळा पडला. या घरात अंगणातल्याच दूर्वा गणपतीला वाहायच्या, ही चाल. गुणवंतरावांनी दांडिया बाजारातून जुड्या मागवल्या आणि उषाताईंना निरोप धाडला, की मोदक वळायला लवकर या.

उषाताई आल्या त्या देवघरात नाही, खडीच्या कडेपर्यंत. तिथूनच म्हणाल्या, "दादा, यंदापासून माझा गणपती माझ्या खोलीत बसेल."

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. भावाभावांत कितीही बिनसलं तरी गणपती एकच राहतो, तो वेगळा झाला की घर मोडलं असं आपल्यात समजतात. ते म्हणाले, "एका फाटकाच्या आत दोन गणपती? लोक काय म्हणतील, उषा?"

"तुमच्या देवघरापर्यंत चालायला तुम्ही मला जागा ठेवली नाहीत. मी वाट अडवलेली नाही."

त्या वळल्या आणि मागे गेल्या. गुणवंतराव त्यांना थांबवायला दोन पावलं पुढे आले. घाईत ते अनवाणीच उतरले होते. खडी टोचली आणि ते तिथेच उभे राहिले.

यंदा पुढच्या देवघरात आरती झाली तेव्हा टाळ कमी वाजले. मागच्या खोलीतून दुसरी आरती ऐकू येत होती. गुणवंतराव मधेच ओळ विसरले.

मित्रांनो, मला रंग द्या, तेल द्या, असं मी मागत नाही. मी गंजलो तरी चालेल. एवढंच सांगतो, अंगण साफ करायला निघाल तेव्हा आधी बघा की तिथून रोज कोण चालतं. त्या माणसाला विचारा. गुणवंतरावांनी विचारलं असतं तर उषाताई हो म्हणाल्या असत्या, आणि पायापुरती माती मागितली असती.