फाटकाच्या चढावर

गाडीच्या कंपनीचं पत्र उन्हाळ्याच्या तोंडाशी आलं होतं. शिवारात सोयाबीनची काढणी सुरू झाली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. खरं तर फारसं लिहायचंही नव्हतं. पत्राच्या तळाशी एक ओळ छापलेली होती, 'माझ्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे'. तिच्याखाली सही करून कागद परत पाठवायचा, इतकंच. पण सही करावी तर निवारण झालेलं दिसत नव्हतं, आणि झालं नाही म्हणावं तर वर कंपनीनं स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं : 'आपण विचारणा केलेली ऑटो होल्ड ही सुविधा आपल्या वाहनात अपडेटद्वारे उपलब्ध करून देण्यात आली आहे.'

छापलेल्या वाक्याला खोटं म्हणणं मला जमत नाही. माझी सगळी नोकरी उदगीरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून गेली. पुस्तकात एक असेल आणि माझ्या डोळ्यांना दुसरं दिसत असेल, तर मी आधी चष्मा पुसतो.

गाडी आमच्या घरात माझी नव्हतीच. मला चालवता येत नाही. ती नेत्रावतीची, माझ्या बायकोची. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि कमलनगरच्या आसपासच्या खेड्यांतली कितीतरी बाळंतपणं तिनं केली. नोकरीत असताना ती खच्चून भरलेल्या जीपच्या कडेला बसून फिरली. जीपवाला भरल्याशिवाय निघायचा नाही आणि परतीची जीप कधी मिळेल याचा नेम नसायचा. निवृत्त झाल्यावर ती म्हणाली, "आता मी माझ्या टायमानं जाणार आणि माझ्या टायमानं येणार." तिच्या हातून जन्मलेल्या पोरींची आता लग्नं, डोहाळजेवणं, बारशी होती, आणि प्रत्येक ठिकाणाहून तिला बोलावणं येई.

अडचण तिच्या उजव्या गुडघ्याची होती. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाडी चालवा, पण ब्रेकवर पाय फार वेळ दाबून धरू नका. आणि आमच्या घराकडून गावाबाहेर पडायचं म्हणजे रेल्वेचं फाटक, आणि फाटकाला चढ. मालगाडी असली की रांग लागते. ती इंच-इंच सरकते. दर वेळी हँडब्रेकचं बटण लावा, काढा, पुन्हा ब्रेक दाबा. म्हणून तर आम्ही हीच विजेवरची गाडी घेतली होती. एकदा ब्रेक दाबून सोडला की गाडी आपोआप जागेवर धरून राहते, असं माहितीपत्रकात चित्रासकट होतं. गाडी घरी आल्यावर मी तिचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. तेव्हा त्या पानाखाली बारीक अक्षरात सापडलं : 'ही सुविधा आगामी अपडेटमध्ये उपलब्ध होईल.'

आगामी. शोरूमवाला आधी म्हणाला दिवाळीला. मग संक्रांतीला. मग म्हणाला, "काम चालू हाय सर, वरून." शेवटी मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला हातानं पत्र लिहिलं, आणि त्याचं हे उत्तर आलं होतं.

उत्तर आलं त्या दिवशी मी नेत्रावतीला मोठ्या आनंदानं ते वाचून दाखवलं. आम्ही लगेच गाडी घेऊन फाटकावर गेलो. मी मांडीवर पुस्तक उघडलं.

"थांबल्यावर ब्रेक जरा जोरात दाबायचा," मी वाचलं. "मग पडद्यावर हिरवी खूण येते. मग पाय काढायचा."

"दाबलाय."

"खूण?"

"न्हाई."

"अजून जरा जोरात दाबून बघ."

"अहो, ह्याच्याहून जोरात दाबलं तर पाय खाली डांबराला लागंल!"

मी सेटिंगचा प्रत्येक कप्पा उघडला. मोबाइलवरच्या ॲपमध्ये लिहिलेलं होतं, 'आपले वाहन अद्ययावत आहे.' दोन ठिकाणी छापून आलं होतं. मग माझ्या मनात आलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं, की कदाचित शस्त्रक्रियेमुळे तिच्या पायात तेवढा जोर राहिला नसेल.

तिनं गाडी घराकडे वळवली. त्यानंतर ती रोज सकाळी भिंतीला पाय लावून व्यायाम करू लागली.

काढणीच्या दिवसांत फाटकावर ट्रॅक्टरांची गर्दी असते. त्या दिवशी आम्ही संतपूरला एका बारशाला निघालो होतो. चढावर आमच्यापुढे सोयाबीनची ट्रॉली, मागे दुधाचे कॅन अडकवलेली मोटारसायकल. नेत्रावतीनं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ब्रेक दाबला, चांगला दाबला, आणि हळूच पाय उचलला. गाडी आवाज न करता मागं गेली. विजेच्या गाडीचं हेच वाईट, घसरतानाही ती सांगत नाही. मागून ओरडा झाला, कॅन आडवा पडला, दूध चढावरून खाली वाहत गेलं.

दूधवाला तरुण आणि फाटक्या तोंडाचा होता.

"ओ मावशी! पुढं जायचं सोडून मागं कामून यायलाव?"

"चुकलं बाबा," नेत्रावती म्हणाली.

"लाईटीवरची गाडी म्हणं! आमचा बैलसुद्धा चढावर मागं सरकत न्हाई!" ट्रॉलीवर बसलेले लोक हसले. "काका, तुम्ही तरी चालवा की! का तुम्ही नुस्तं पुस्तक वाचायला बसलाव?"

पुस्तक खरंच माझ्या मांडीवर होतं.

बारशाला आम्ही गेलो नाही. घरी आल्यावर नेत्रावतीनं गाडीची चावी कपाटात ठेवली, आतल्या कप्प्यात, घडी घातलेल्या साड्यांच्या खाली. अमरेश, आमचा मुलगा, हैदराबादला असतो. त्याला कुणी कळवलं देव जाणे, पण संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई, पुरे आता. कुणाच्या अंगावर गेली असती तर? विकून टाका. मी गिऱ्हाईक बघतो." एरवी ती त्याला चार शब्द सुनावते. त्या दिवशी "बघ बाबा" एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तिला दोन बोलावणी आली. दोन्हींना तिनं "पाय दुखायलाय" म्हणून सांगितलं. तिच्या तोंडून हे कारण मी कधी ऐकलं नव्हतं.

अमरेशनं गिऱ्हाईक पाठवलं ते संतपूरचे बंडेप्पा. धान्याची आडत असलेला, गळ्यात इष्टलिंग, तोंडात सुपारी असा हसरा माणूस. त्यांच्याकडे अगदी हीच गाडी होती, रंगसुद्धा हाच. आता जावयासाठी दुसरी पाहत होते. आमच्या गाडीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या.

"गाडी झकास हाय अक्का. विकायलाव कामून?"

"चढावर थांबंना," नेत्रावती म्हणाली. "ते ऑटो होल्ड का काय, आमच्या पायाला जमंना."

"आँ? माझ्यात तर आलंय की! मस्त धरतंय. सगळ्या बाजारात सांगितलंय मी."

मी खाली बघितलं. म्हणजे चूक आमचीच होती.

नेत्रावती मात्र उभी राहिली. "मग दाखवा की."

"आत्ता?"

"फाटक काय पळून जायलंय?"

बंडेप्पांच्या गाडीतून आम्ही गेलो. ती त्यांच्याशेजारी बसली, मी मागे. चढावर त्यांनी गाडी थांबवली. गाडी जागच्या जागी राहिली.

"बघा," ते म्हणाले. "दगडावानी हाय."

नेत्रावती पडद्याकडे बघत नव्हती. ती खाली वाकली होती. नोकरीत तिनं पुष्कळ बायकांचं 'दुखत न्हाई' ऐकलेलं होतं, त्यामुळे तोंडावर तिचा विश्वास नसे.

"बंडेप्पा, पाय काढा."

"काढलाय की."

"टाच काढलीय. पंजा तिथंच हाय."

बंडेप्पांनी हसून पंजा काढला. गाडी मागं निघाली. त्यांनी घाईनं ब्रेक दाबला आणि आम्ही तिघंही सीटवर मागं आदळलो.

 बंडेप्पा कपाळ पुसत म्हणाले, "आता तुम्हाला काय सांगायचं अक्का. कंपनीनं लिहून पाठवलं, आलंय म्हणून. चालंना म्हणलं तर लोक म्हणणार, बंडेप्पाला गाडी येईना. माझ्याच सांगण्यावरनं चार जणांनी घेतल्यात. त्यांना विचारलं तर तेबी म्हणतेत, मस्त चालतंय!"

"सगळे पंजा ठेवून?" नेत्रावतीनं विचारलं.

"आता मला तसंच वाटायलंय."

"आणि मी खुळ्यावानी भिंतीला लाथा मारायलेय रोज!" ती इतक्या जोरात म्हणाली की गेटमन बाहेर येऊन बघू लागला.

मी भीत भीत विचारलं, "कुणाच्याच गाडीत आलेलं नाही का?"

"आलंय की. माझ्या साडूच्या. अंकुशराव, उदगीरचा. त्याच्यात खरंच आलंय. मी सोता चालवून बघितलोय. हिरवी खूण येती. त्याची आणि माझी गाडी एकाच शोरूममधनं, एकाच दिवशी घेतलेली."

"पासिंग?" मी विचारलं.

"त्याचं लातूरचं, माझं बिदरचं."

आमच्याकडे सगळे असंच करतात. उदगीर जवळ, तिथली बोली आपली, म्हणून गाडी उदगीरला घ्यायची. राहायला कर्नाटकात, म्हणून पासिंग बिदरला. ट्रॅक्टरपासून मोपेडपर्यंत कधी कुणाचं त्यानं अडलं नाही. हद्द हा शब्द आम्ही फक्त जमिनीच्या कागदांवर वाचतो.

घरी येऊन मी फोन लावला. मला फोनवर बोलायचं म्हणजे घाम येतो, पण नेत्रावतीनं फोन माझ्या हातात कोंबला. उदगीरच्या शोरूमचा मुलगा म्हणाला, "सर, महाराष्ट्राच्या गाड्यांना गेलंय अपडेट. तुमच्या गाडीचा नंबर केए ना, कर्नाटकचा? तुमचं कलबुर्गीवरून येणार." मी कलबुर्गीच्या शोरूमला फोन केला. तिथली मुलगी गोड कन्नडात बोलली. तिनं गाडीचा नंबर घेतला, थांबायला सांगितलं, आणि म्हणाली, "सर, निम्म गाडी नम्म लिस्टन्याग इल्लरी." आमची गाडी त्यांच्या यादीतच नव्हती. विक्री उदगीरची, त्यामुळे उदगीरला विचारा.

पुन्हा उदगीर. "पण सर, सिस्टिममध्ये तर 'झालं' दाखवतंय."

"दाखवतंय, पण झालेलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"तुम्ही ब्रेक जरा जोरात दाबून बघा ना सर."

मी फोन ठेवला. नेत्रावती दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"तुम्हीबी हेच म्हणलाव होता," ती म्हणाली.

 मी टेबलाशी बसलो आणि उत्तर लिहायला घेतलं. तासाभरानं तिनं कागद उचलून वाचला.

"'आपणास तसदी देत असल्याबद्दल क्षमस्व.' क्षमस्व कामून? 'कदाचित आमच्या समजुतीचा दोष असेल.' कुणाचा दोष? माफी मागायलाव का तक्रार करायलाव?"

"पद्धत असते तशी."

"बंडेप्पाचा पंजा बघितलाव न्हवं? मग तेवढं लिहा. बघितलं तेवढं."

तिनं कपाट उघडलं, साड्यांखालून चावी काढली. अमरेशला फोन लावून सांगितलं, "गाडी विकायची न्हाई. पाय माझा बरोबर हाय, गाडी चुकायली." मग मला म्हणाली, "फाटकावर आता तुम्ही उतरायचं. चाकाच्या मागं दगड लावायचा. निघताना काढायचा. जमंल का, का त्याचंबी पुस्तक लागतंय?"

जमलं. पहिल्या दिवशी दगड छोटा निघाला, दुसऱ्या दिवशी बोट चेंगरलं. दूधवाल्यानं ओळखलं आणि "काका, आता बढती झाली तुमची!" म्हणून हाक मारली. पण गाडी मागं आली नाही. ज्याचं बारसं हुकलं होतं ते बाळ ती बघून आली, आणि त्यानंतर एक डोहाळजेवणही. मी बरोबर होतो, कारण दगड कुणीतरी लावायला हवा होता.

आणि पत्र मी पुन्हा लिहिलं.

'महोदय, आपले पत्र मिळाले. त्याच्या तळाच्या ओळीखाली मी सही करणार नाही, कारण ती खरी नाही. आपण पाठवली म्हणता ती सुविधा आमच्या गाडीत आलेली नाही. आमच्या भागात गाडी उदगीरला घेतात आणि पासिंग बिदरला करतात. अशा सर्व गाड्या आपल्या एका यादीत "झाले" आहेत आणि दुसऱ्या यादीत नाहीत. संतपूर, कमलनगर येथील आणखी पाच मालकांच्या सह्या सोबत आहेत. त्यांच्या गाड्यांतही ती आलेली नाही. माझ्या पत्नीने ब्रेक पुरेशा जोराने दाबला होता. सुविधा येईपर्यंत तिचे काम एक दगड आणि मी, असे दोघे करतो. माझे वय लक्षात घेऊन लवकर निर्णय घ्यावा.'

पाच सह्या बंडेप्पांनी आणल्या, त्यांत एक त्यांची स्वतःची. बाकी चौघांनी आधी "माझ्यात चालतंय की" म्हटलं होतं म्हणे. मग बंडेप्पांनी प्रत्येकाला फाटकावर नेऊन पंजा काढायला लावला.

पोस्टाशी नेत्रावतीनं गाडी उभी केली आणि ती काचेतून माझ्याकडे बघत राहिली. आत काउंटरवर मंजुश्री होती, माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी. तिनं पाकीट तोललं, रजिस्टरची चिठ्ठी चिकटवली.

"एक मिनिट," मी म्हणालो. "ते शेवटचं वाक्य जरा उद्धट वाटतंय का, बघतो. एकदा परत देतेस का?"

"आता न्हाई काका, शिक्का बसला," ती म्हणाली, आणि पाकीट तिनं मागच्या पिशवीत टाकलं.