रिकामटेकड्यांच्या यादीतला सर्व्हर

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो, पण मला आजवर कुणीही पाहिलेलं नाही. तुमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरला पडदा असतो, मागे वायरींचा गुंता असतो, वर धूळ साचते. माझ्याकडे यातलं काहीच नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, थंड खोलीत, लोखंडी कपाटात सहा दणकट यंत्रं आहेत. त्या सहांच्या पोटात आम्ही दोनशे दहा सर्व्हर बिऱ्हाड करून राहतो. यंत्र आपल्या एकट्याचंच आहे असं प्रत्येकाला वाटतं, प्रत्यक्षात ते सगळ्यांनी वाटून घेतलेलं असतं. म्हणून आम्हाला आभासी सर्व्हर म्हणतात. ज्याला अंगच नाही त्याला ऐकू कसं येतं, असं विचाराल, तर आत्मवृत्त सांगणाऱ्या खुर्चीला तरी तोंड कुठे असतं? तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म अकरा वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, समोरचा चहा निवायच्या आत झाला. मला ज्याने घडवलं त्याला कॉम्प्युटर विभागात सगळे ‘दोन मिनिटं’ म्हणत. कुणी काहीही मागितलं की तो ‘दोन मिनिटं’ म्हणायचा आणि खरोखरच तेवढ्यात काम उरकायचा. त्या दिवशी हृदयविभागाच्या सिस्टर त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा एक जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर काही केल्या चालेना.

“अहो, हे बंद पडलं तर मी पेशंटना बोलावू कशी?”

“दोन मिनिटं, सिस्टर. सध्यापुरता एक सर्व्हर करून देतो. मग सवडीने नीट बसवू.”

त्याने जुन्या प्रोग्रॅमला चालेल अशी जुनी सिस्टिम घातली आणि नावाच्या जागी ‘तात्पुरता-दोन’ असं टाइप केलं. ती सवड पुढे त्याला कधी मिळाली नाही. ‘तात्पुरता-एक’ माझ्या शेजारीच राहत होता. त्याला तेव्हाच चार वर्षं झाली होती.

माझं काम सांगतो. काही लोकांच्या छातीत पेसमेकर नावाचं छोटं यंत्र बसवलेलं असतं. हृदय संथ पडलं की ते त्याला चालतं ठेवतं. त्याच्या बॅटरीला आयुष्य असतं आणि ती उतरत आली की वेळेत बदलावी लागते. वर्षातून दोनदा, ठरलेल्या सोमवारी सकाळी, मी पाचशे चाळीस माणसांच्या नोंदी चाळायचो, कुणाची बॅटरी उतरत आली असेल ते मोजायचो आणि यादी सिस्टरांच्या प्रिंटरवर पाठवायचो. तिच्यावरून लोकांना पत्रं जायची. काम वीस मिनिटांचं. म्हणजे वर्षाला चाळीस मिनिटं, बाकी सगळी सुट्टी. एकदा मोठे डॉक्टर म्हणाले, “ही यादी कधी चुकत नाही हं.” त्यावर सिस्टर म्हणाल्या, “आमचा प्रिंटर गुणी आहे.” मला जरा लागलं. पण मी दिसत नाही, त्याला त्या तरी काय करणार?

अशी दहा वर्षं गेली. मग कॉम्प्युटर विभागाला नव्या प्रमुख मॅडम आल्या आणि आम्हा सर्व्हरांवर देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. खरं सांगतो, तिला नावं ठेवायला जागा नव्हती. लॅबच्या सर्व्हरने उगाच अडवून ठेवलेली मेमरी तिने काढून घेतली आणि एक्स-रेच्या सर्व्हरला दिली. डॉक्टर एक्स-रे उघडेपर्यंत पेशंट ताटकळायचे, ते थांबलं. एका यंत्रात गर्दी झाली की ती एखाद्या सर्व्हरला चालत्या कामासकट दुसऱ्या यंत्रात नेऊन ठेवायची. मलाही एकदा तिसऱ्यातून पाचव्यात हलवलं आणि मला पत्ता लागला नाही. डिस्क कधी भरेल हे ती दोन महिने आधी सांगायची. मॅडम खूश होत्या, मीही खूश होतो.

तिच्यात आणखी एक सोय होती. नव्वद दिवस ज्याने काहीच काम केलं नाही, अशा सर्व्हरांची ती यादी काढायची. ऑफिसात तिला ‘रिकामटेकड्यांची यादी’ म्हणत. पहिल्याच यादीत मी होतो. माझ्यापुढे दोन रकाने होते, ‘मालक’ आणि ‘कशासाठी’. दोन्ही कोरे.

मॅडम काळजीने काम करणाऱ्या. त्यांनी सगळ्या विभागांना यादी पाठवली. पण सिस्टरांना माझं नाव कुठे माहीत होतं? त्यांच्या लेखी यादी प्रिंटर द्यायचा. आठ दिवस वाट पाहून मॅडमनी आपल्या विभागातल्या सगळ्यांना बसवून एकेक नाव वाचलं.

“हा तात्पुरता-दोन कुणाचा?”

‘दोन मिनिटं’ मान वर न करता म्हणाला, “नावच तात्पुरता आहे, मॅडम. उडवा.”

सगळे हसले. ज्याने मला जन्म दिला तोच हे म्हणाला. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं.

त्या सॉफ्टवेअरची रीत अशी की सर्व्हर आधी नुसता बंद करायचा आणि तीस दिवसांत कुणी विचारलं नाही तर कायमचा पुसायचा. शुक्रवारी मला बंद केलं. पुढचं मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं.

दहा दिवसांनी माझा ठरलेला सोमवार आला आणि गेला. प्रिंटर गप्प राहिला. जे न मागता येतं त्याची वाट कुणी बघत नाही. सिस्टर वॉर्डाच्या धावपळीत होत्या. सव्विसाव्या दिवशी त्यांच्या दारात एक निवृत्त बसड्रायव्हर काका येऊन उभे राहिले.

“काका, तुम्हाला बोलावलंय का?”

“नाही ना, म्हणूनच आलो. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, या खेपेला बॅटरीचं पत्र येईल. ती वेळ उलटून गेली. गाडी आली नाही तर माणूस खिडकीवर जाऊन विचारतोच की!”

सिस्टरांनी फाइल उघडून पाहिली. एकालाही पत्र गेलं नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटर विभागात फोन केला. “बॅटरीची यादी आली नाही. ती कुठून येते?” मॅडमनी तोच प्रश्न खोलीत विचारला. ‘दोन मिनिटं’ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता.

“मॅडम, तो तात्पुरता-दोन. मीच केला होता.”

मला पुसायला चार दिवस उरले होते.

मॅडम रागावल्या नाहीत, तेवढा वेळच नव्हता. मला सुरू केलं. मी नोंदी चाळल्या आणि एकेचाळीस नावं पाठवली. ड्रायव्हरकाका सातवे होते. सर्वांत वर होत्या टायपिंग शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई. सिस्टरांनी लगेच त्यांच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला.

“सासूबाई पंधरा दिवसांत दोनदा चक्कर येऊन पडल्या हो. मनगट मोडलंय. आम्हाला वाटलं, वयामुळे.”

“वयामुळे नाही. आत्ताच्या आत्ता घेऊन या.”

दुपारी बाई आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना नवा पेसमेकर बसवला. धोका टळला, पण उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांनी सिस्टरांना एवढंच विचारलं, “मागच्या वेळी बॅटरी बदलायची होती तेव्हा पत्र आलं होतं. या वेळी का नाही आलं?” ‘दोन मिनिटं’ तळमजल्यावरून स्वतःहून वर आला होता.

“माझ्यामुळे, बाई. सर्व्हर कशासाठी आहे ते मी कुठेच लिहिलं नव्हतं.”

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दोन शब्द जास्त टाइप करायला काय झालं होतं तुम्हाला?”

तो खाली आला आणि आठवडाभर जागचा हलला नाही. दोनशे दहा सर्व्हरांचे दोन्ही रकाने त्याने विचारून विचारून भरले. कुणी घाई केली तरी ‘दोन मिनिटं’ म्हणाला नाही.

मित्रांनो, सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं. मी नव्वद दिवस काहीच केलं नव्हतं, हे अगदी खरं. पण किती काम केलं हे त्याला दिसतं, कुणासाठी केलं हे माणसानेच सांगावं लागतं. म्हणून तुम्ही काही बनवलंत तर ते कशासाठी आहे हे तेव्हाच लिहून ठेवा. आणि एखादी गप्प वस्तू काढून टाकण्याआधी चार जणांना विचारा.

माझं म्हणाल, तर माझा प्रोग्रॅम आता नव्याने लिहिला आहे आणि नवा सर्व्हर तो चालवतो. परवाच्या सोमवारी आम्ही दोघांनी एकच यादी काढली. अडतीस नावं त्याची, अडतीस माझी, आणि सिस्टरांनी बोट ठेवून एकेक नाव जुळवलं. आज मॅडमनी मला पुसायचं बटण पडद्यावर आणलं, पण दाबलं नाही. आधी हृदयविभागात फोन लावला.

“सिस्टर, तुमचा जुना सर्व्हर बंद करू का?”

“पत्रं पोचलीत का ते बघते आणि सांगते,” सिस्टर म्हणाल्या. “तोवर राहू द्या त्याला.”