ला ताब्लाच्या सरड्याचा पत्ता

ला ताब्ला बेटावरच्या सरड्याच्या एकेका मांडीखाली एकोणीस छिद्रं असतात. हे जगात दोनच बायकांना माहीत आहे. एक डॉक्टर सेनाइदा मुरिएता, जिने त्यापायी सहा उन्हाळे घालवले, आणि दुसरी मी, एर्मेलिंदा, जिच्या ओट्यावर बसून तिने ती मोजली. माझा नवरा लेओकादिओ म्हणतो, एकतीस वर्षांत मी तुझे तीळसुद्धा मोजले नाहीत. मी म्हणते, मेल्या, तुला पोरांची वयं सांगता येत नाहीत, तीळ कुठले मोजतोस.

सरडा म्हणजे काही मगर नव्हे. वीतभर अंग, दोन वीत शेपटी चाबकासारखी, पोट निळं. माश्या खातो. मी मासे चिरते, खारवते, मांडवावर वाळत घालते. मासे आले की माश्या येतात, माश्या आल्या की हे. सुरी फळीवर दोनदा आपटली की माझ्या टाचांभोवती हजर. मी त्यांना हाकलत नाही, ते मला हाकलत नाहीत. तीस हंगाम असंच चाललं होतं.

यंदा एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाई होडीतून उतरल्या त्या कागद नाचवतच.

"दोन्या लिंदा," मला त्या मानाने असंच म्हणतात, "ठरलं. ही जात वेगळीच आहे. पलीकडच्या सान एपिफानिओ बेटावरच्या सरड्याला सतरा छिद्रं आणि पाठीवर पट्टे. तुमच्या सरड्याला एकोणीस आणि ठिपके. जगाच्या पाठीवर फक्त या बेटावर सापडतो."

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," मी म्हटलं. "त्यात शोध कसला, बाई?"

त्या हसल्या. तीन पोळ्या खाल्ल्या, घेवड्याची उसळ परत मागून घेतली. मग ताटाकडे बघतच म्हणाल्या, "आता बेट राखीव होईल. हा हंगाम संपला की इथे कुणाला राहता येणार नाही. चूलही पेटवायची नाही."

माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. आम्ही चार घरं आहोत या बेटावर. माझी दोन्ही पोरं या वाळूत रांगली. आणि माझ्याच चुलीवरचं खाऊन ही बाई माझी चूल विझवायला निघाली होती. मला इतका राग आला की मी तिला कॉफी विचारली नाही, आणि आमच्याकडे कॉफी न विचारणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी ती शिक्के मारून आणायला तीन आठवड्यांसाठी शहरात गेली. मी विचार केला. हा सरडा फक्त इथेच आहे म्हणून बेट बंद. मग तो आणखी कुठे असला तर?

"म्हातारे, हा गुन्हा आहे," लेओ म्हणाला.

"पाव्हण्यांना फिरायला नेणं हा कधीपासून गुन्हा झाला? होडी काढ."

चोरी रात्री करावी म्हणतात, पण हे महाराज ऊन चढल्याशिवाय बिळाबाहेर येत नाहीत. तेव्हा भर दुपारी, चारही घरांच्या देखत, काठीच्या टोकाला गळाच्या दोरीचा फास लावून मी सरडे पकडले. ही विद्या डॉक्टरीणबाईंचीच. दहा नर, दहा माद्या. कोंबड्या पाळताना इतका विचार करत नाही मी.

आणि मी काही बावळट नाही, खुणाही तपासल्या. आमच्याकडे चार घरांचे मासे एकाच मांडवावर वाळतात, म्हणून घराघराची खूण ठरलेली असते. आमची शेपटीला डावीकडे एक खाच, शेजारच्या बेल्त्रानांच्या दोन. घर एक, खूण एक. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या वर्षी माझ्यासमोर एका सरड्याच्या पुढच्या डाव्या पंजाचं बोट छाटलं, तेव्हाच मी ओळखलं की ही यांची खूण. म्हणून पुढचा डावा पंजा धड असलेलेच सरडे मी बादलीत घातले. काहींची मागची बोटं तुटलेली होती. मला वाटलं, समुद्रपक्ष्यांनी तोडली असतील.

सान एपिफानिओ होडीने दीड तास. तिथे कोळ्यांची एक जुनी पडकी चूल आहे, तिच्याजवळ बादली उपडी केली. सरडे पांगले. मी घरी येऊन निवांत झोपले.

तीन आठवड्यांनी बाई परतल्या आणि नेहमीप्रमाणे सान एपिफानिओवरचे सरडे मोजायला गेल्या. नेणार कोण, तर लेओच. जाताना त्याचं तोंड बघून कुणीही ओळखलं असतं, पण बाईंचं लक्ष वहीत होतं.

दुपारी त्या आल्या त्या सरळ माझ्या ओट्यावर. कापडी पिशवीतून एक सरडा काढून माझ्यासमोर धरला.

"हा सत्तेचाळीस नंबर," त्या म्हणाल्या. "मागच्या उजव्या पंजाचं चौथं बोट, मागच्या डाव्याचं दुसरं. प्रत्येकाची खूण निराळी असते, दोन्या लिंदा. हा तुमच्या मांडवाखालचा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या अंगठ्याला चावला होता."

"पोहत गेला असेल."

"वीस मैल?"

"जवान आहे."

त्या हसल्या नाहीत. लेओ जाळ्यात काहीतरी शोधू लागला. जाळं रिकामं होतं.

"तिथे दुसरा सरडा राहतो," त्या म्हणाल्या. "यांचं आणि त्यांचं जुळलं तर दोन्ही जाती बुडतील."

"माझी आजी इथली याकी आदिवासी, आजोबा चिनी. कोण बुडालं ते सांगा."

"तुम्ही माझी सहा वर्षं उचलून दुसऱ्या बेटावर फेकलीत. मला एका शब्दाने विचारलं नाहीत."

मग मात्र माझा तोल सुटला. "आणि तुम्ही? माझी तीस वर्षं तुम्ही कागदावर उचललीत. मला विचारलंत? मी निदान बादलीत ओलं फडकं घालून नेलं त्यांना. तुम्ही आम्हाला कशात घालून नेणार होता?"

तेवढ्यात सत्तेचाळीसने त्यांच्या अंगठ्याला पुन्हा चावा घेतला. त्यांनी त्याला सोडलं नाही.

"एकोणीस राहिलेत," त्या म्हणाल्या. "उद्या आणायचे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सान एपिफानिओवर. बाई काठी घेऊन सकाळभर काट्याकुट्यांत वणवण फिरल्या. पट्टेवाले तेवढे दिसले, ठिपकेवाला एकही नाही. ऊन डोक्यावर आलं. मला कंटाळा आला आणि भूकही लागली. मी पडक्या चुलीजवळ फळी टाकली, लेओने पकडलेला मासा घेतला, आणि सवयीने सुरी दोनदा आपटली.

झुडपाखालून एक आला. मग दगडाआडून दोन. मग चारही बाजूंनी. चुलीपासून चार हात लांब कुणी गेलंच नव्हतं. तीन आठवड्यांत पार वाळले होते, कमरेची हाडं वर आलेली, शेपट्या सुतळीसारख्या. येऊन माझ्या टाचांभोवती बसले आणि वर बघू लागले.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी त्यांना घराबाहेर काढलं होतं आणि ते माझीच वाट बघत बसले होते. मी नाक पुसत मासा चिरत राहिले, माश्या जमल्या, ते खात राहिले. बाईंनी काठी खाली ठेवली. एकेकाला नुसत्या हाताने उचलून पिशवीत घालू लागल्या. अठरा भरले. विसावी एक मादी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा आली, नवरीसारखी उशिरा.

परतताना होडीत बाई वहीत काहीतरी खोडत होत्या. मी विचारलं नाही, त्यांनी दाखवलं नाही.

जूनमध्ये वाळलेल्या माशाचा रस्सा रटरटत असताना सरकारचा माणूस आला. बूट चकचकीत, हातात बाईंचाच कागद. त्याने तो ओट्याजवळ उभं राहून मोठ्याने वाचला. माणसांनी वीस सरडे हलवले आणि परत आणले, हे त्यात होतं. बाई खोटं लिहीत नाहीत. पुढे होतं: आढळ फक्त ला ताब्ला बेटावर, मासे साफ करण्याच्या ओट्यांभोवती. ओटे आणि चुली हलल्यास ही जात टिकणार नाही. सबब तिथली चार घरं हलवू नयेत.

"दोन्या एर्मेलिंदा कोण?" त्याने विचारलं. "सरडा सापडतो त्या पत्त्यात नाव आहे."

लेओने हातातली पोळी माझ्याकडे रोखली. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत," तो म्हणाला. "हे कुंपण."

मी त्याला दुसरी पोळी वाढली नाही. सरकारी माणसाला वाढली, कॉफीही विचारली. मग लेओलाही वाढली.