शेवटचं दार

"डोळ्यांनी शोधू नकोस गं. बोट ठेव. निळी दिसते ती नुसती दिसायला असते, बोटाखाली जी उसळते ती खरी शीर."

मला रक्त काढायला शिकवणाऱ्या नर्सबाईंचा हा आवाज अजून कानात आहे. माझे हात थरथरायचे, तेव्हा त्या मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसायच्या, म्हणजे मला ओशाळं वाटू नये. आता मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. बहुतेक नमुने उपाशीपोटी घ्यायचे असतात, त्यामुळे रस्त्यावरचे दिवे विझायच्या आत मी घराबाहेर असते. लोक विस्कटलेल्या केसांनी दार उघडतात, एक बाही आधीच वर सरकवलेली असते. काम झालं की कापूस दाबून धरायला सांगायचं आणि पुढच्या दाराकडे वळायचं. इतक्या घरांत जाते, पण अगदी परवापरवापर्यंत कुठल्याही घरातल्या खुर्चीला माझी पाठ टेकलेली नव्हती.

माझा एक नेम आहे. ज्यांना माझ्यासाठी उपाशी राहावं लागतं, त्या सगळ्यांचं होईपर्यंत आपणही तोंडात काही घालायचं नाही. चहासुद्धा नाही. आणि घंटी वाजवण्याआधी मनात देवाचं नाव घ्यायचं. हे मी कुणाला सांगत फिरत नाही. पण चहा विचारणाऱ्याला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि मला थाप मारता येत नाही. म्हणून हॅलोआत्यांना हा नेम कळला.

हॅलोआत्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. भावाची मुलं त्यांना आत्या म्हणायची. ती मुलं मोठी होऊन दूर देशी गेली, पण 'आत्या' इमारतीने ठेवून घेतलं. दारावर टकटक झाली तरी आतून आधी "हॅलो" असाच आवाज येतो, म्हणून ते नाव.

त्यांच्या पुतण्याने परदेशातून लॅबला फोन करून सांगितलं होतं, आत्याची एकदा सगळी तपासणी करून टाका. मी गेले, तर त्यांनी मला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एवढीशी? मला वाटलं रक्त प्यायला कुणी धिप्पाड बाई येणार."

"पीत नाही, आत्या. नळीत भरून नेते."

"म्हणजे बांधून नेणारी. मग तू डास. डास न सांगता येतो, तू फोन करून येतेस, एवढाच फरक."

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. हात काडीसारखा, कातडी पातळ, शीर काही केल्या लागेना. मी बोट ठेवून हळूहळू चाचपत होते. इतर लोक अशा वेळी तोंड फिरवतात आणि 'झालं का, झालं का' करतात. आत्या माझ्या बोटाकडेच बघत होत्या.

"सावकाश शोध," त्या म्हणाल्या. "मला कुठे गाडी पकडायची आहे."

अहवाल आला तेव्हा साखर ठीक, रक्त ठीक, पण कोलेस्टेरॉल भलतंच वर. वाईट कोलेस्टेरॉल जितकं असावं त्याच्या जवळजवळ दुप्पट. अहवाल दाखवायला आत्या दवाखान्यात आल्या तेव्हा मी नेमकी नमुने द्यायला दवाखान्याखालच्या लॅबमध्ये आले होते. त्यांनी माझी बाही धरली आणि मला डॉक्टरबाईंच्या खोलीत नेलं.

"ही माझ्यासोबत आहे," त्या म्हणाल्या. मी दारापाशी उभी राहिले.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच. पण हे वाईट जातीचं फार झालं की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात शिरून बसतं, थर साचत जातो. वर्षानुवर्षं काही कळत नाही.

"दुखणार नाही, खुपणार नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच माणसं गाफील राहतात. मग एक दिवस तो थर तडकतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. हृदयाची वाट बंद झाली तर हार्ट अटॅक, मेंदूची झाली तर पक्षाघात."

"म्हणजे लाइन बंद पडेपर्यंत ग्राहकाची तक्रार येत नाही."

"अगदी तसंच."

"पण मी खाते किती? पावाला लोणी लावायचं तर सुरी नुसती दाखवते."

"खाण्याने फरक पडतो, पण सगळा भार खाण्यावर नसतो. बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. काही घराण्यांत ते जास्तच करतं. तुमचे वडील कशाने गेले?"

"पेपर वाचता वाचता. आम्हाला वाटलं, झोप लागली."

डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, रोज रात्री एक गोळी. बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही, कारण बरं तर आत्ताही वाटतंय. रोज थोडं चाला. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू.

"डासच येणार ना?"

"हो."

"मग चालेल."

दोन महिन्यांनी गेले तेव्हा टेबलावर दोन कप मांडून ठेवलेले होते. मी माझा नेम सांगितला. अजून बरीच दारं राहिली होती. आत्यांनी आग्रह केला नाही. एक कप उचलून पालथा घातला.

आकडा जागचा हलला नव्हता. डॉक्टरबाईंनी गोळीची ताकद वाढवली. पुढच्या खेपेला सकाळची यादी हातात आली तर आत्यांचं नाव अगदी तळाला. मला वाटलं, यादी लावणाऱ्या लॅबच्या ताईंची चूक असेल. आत्यांसारख्या वयस्क माणसाला इतका वेळ उपाशी कोण ठेवतं? मी फोन केला.

"चूक नाही," ताई म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, मला सगळ्यात शेवटी घ्या, मला उशिरा जाग येते."

त्या पहाटेच उठून बसलेल्या असतात हे मला माहीत होतं. मी पोहोचले तेव्हा त्यांचे ओठ सुकलेले होते, पण केस नीट विंचरलेले, आणि चहाचं पाणी गॅसवर चढवलेलं. रक्त दिलं, कापूस दाबला, आणि मला म्हणाल्या, "आता कुणी राहिलंय का उपाशी?"

"नाही. तुम्ही शेवटच्या."

"मग बस."

मी बसले. चहा कडक होता, बिस्किटं मऊ पडलेली. आत्या एक्स्चेंजच्या गोष्टी सांगत होत्या. कुणाचं लग्न कसं त्यांच्या कानावरून जुळलं, कोण रोज एकाच नंबरवर फोन लावून नुसता श्वास घेत राहायचा. मी फार बोलत नाही, तेही त्यांना चाललं. "आयुष्यभर दुसऱ्यांचंच ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता माझी पाळी." मधेच थांबून त्या माझ्या कपाकडे बघायच्या, किती उरलाय ते. मी घोट लहान लहान घेऊ लागले.

आकडा पुन्हा तिथेच. डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या. थायरॉइड बिघडलं तरी कोलेस्टेरॉल चढतं, म्हणून तेही तपासायला सांगितलं. आत्यांना हे कळवलं तर त्या खुशीत आल्या. "म्हणजे या वेळी दोन नळ्या?" थायरॉइड चांगलं निघालं. डॉक्टरबाईंनी गोळी आणखी वाढवली. मी मनात देवाला म्हणाले, हिचा आकडा उतरू दे. आणि खरं सांगायचं तर, तसं म्हणताना आत कुठेतरी चुकचुकलं. शेवटच्या दाराची मलाही सवय लागली होती.

त्यानंतरच्या खेपेची गोष्ट. रक्त काढून झालं, आत्या चहा ओतायला उठल्या. भांडं त्यांनी डाव्या हातात धरलं होतं. चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडला. उजवा हात झोळीत असल्यासारखा पोटाशी धरलेला.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. परवा झोपेत दुमडला असेल. बोटं जरा ऐकत नाहीत." मग हसून म्हणाल्या, "परवा तर जीभही संपावर गेली होती. शेजारीणबाईंना हॅलो म्हणायला गेले तर शब्दच फुटेना. थोड्या वेळाने आपोआप लाइन जुळली. नुसता घोटाळा."

डॉक्टरबाईंचं पक्षाघाताचं बोलणं मला आठवलं. मी त्यांना दोन्ही हात पुढे करायला लावले. उजवा हळूहळू खाली घसरला. चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. फोन काढला, अँब्युलन्स बोलावली, डॉक्टरबाईंना कळवलं.

"अगं, चहा निवेल."

"निवू दे. तुमच्या गोळ्या कुठे आहेत? हॉस्पिटलात दाखवायला लागतील."

"त्यात काय दाखवायचंय."

"द्या तर खरं, आत्या."

त्या जागच्या हलेनात. मग डाव्या हाताने फळीकडे बोट दाखवलं. साखरेच्या डब्यामागे औषधांच्या दुकानाची कागदी पिशवी होती. आत गोळ्यांची पाकिटं, आधीची, नंतर वाढवलेली, त्याहून वाढवलेली. चंदेरी कागद सगळीकडे अखंड. एकही गोळी फोडलेली नव्हती.

मी ती पिशवी हातात घेऊन उभी राहिले. मला रागावता येत नाही. येत असतं तरी त्या क्षणी आलं नसतं.

"घेतल्या असत्या तर आकडा उतरला असता," आत्या म्हणाल्या.

"त्यासाठीच तर दिल्या होत्या."

"आणि उतरला की डॉक्टरबाई म्हणणार, छान, आता वर्षाने भेटू." त्या टेबलावर सांडलेल्या चहाकडे बघत होत्या. "मी म्हटलं, अजून एकदा डास येऊन जाऊ दे, मग सुरू करते. मग म्हटलं, अजून एकदा. वर्षातून एकदा म्हणजे बाई, फारच लांबच्या गावचा ट्रंककॉल झाला."

मी खाली बसून त्यांच्या पायात चपला सरकवल्या. उजव्या पायाची दोनदा निसटली. खाली गाडी येऊन थांबली तसा मी त्यांचा दंड धरला. या वेळी शीर शोधायची नव्हती.

हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, लहानसा झटका येऊन गेला आहे, हात पुष्कळसा सुधारेल. पण याला इशारा समजा. पुढचा इतका समंजस असेल असं नाही. संध्याकाळी मी काम आटोपून परत गेले तेव्हा आत्या पांढऱ्या चादरीत आणखीच लहान दिसत होत्या. शेजारच्या खाटेभोवती माणसांची दाटी होती, मुलं, सुना, कुणी फळं कापत होतं. आत्यांच्या बाजूचं स्टूल रिकामं होतं. मी बसले.

"पुतण्याचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाला, आत्या, काही लागलं तर सांग."

"मग?"

"मी म्हटलं, काही नको."

मी त्यांची उशी नीट केली.

"गोळी घ्याल ना आता?" मी विचारलं.

"नर्स उभी राहून गिळायला लावते."

"घरी गेल्यावर म्हणते मी."

त्या डाव्या हाताने चादरीची सुरकुती सारखी करू लागल्या.

"आत्या, तुम्ही गोळी घ्या. मी येईन. दर सुट्टीच्या दिवशी."

"सुई न घेता?"

"सुई न घेता."

"मग डास कसली." त्या हसल्या, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत. "हे बघ, एक्स्चेंजमध्ये बसून दोन्ही बाजू ऐकू यायच्या मला. फोन ठेवताना जो तो म्हणायचा, परत करते हं. आणि परत कोण करतंय, तेही मलाच कळायचं. फारच थोडे गं."

"मी त्या थोड्यांतली आहे."

त्यांनी डावा हात पुढे केला. मी धरला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आधी मी सुरू करते. रोज रात्री तुला फोन करीन."

आणि केला. घरी सोडल्यापासून रोज रात्री जेवणानंतर माझा फोन वाजतो. "हॅलो. घेतली." बस, एवढंच. उत्तराची वाटही न बघता ठेवून देतात, जणू मला बांधून ठेवायचं नाही.

आज माझी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी मी कपडे धुते, खोली झाडते, देवापुढे जरा जास्त वेळ बसते आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहते. काम नसताना कुणाच्या घरी गेल्याला किती काळ लोटला, आठवत नाही. आंघोळ करून कपडे घातले आणि आरशापुढे उभी राहिले तेव्हा वेणी दोनदा सोडून परत घातली. जाऊन बोलायचं काय? हात कुठे ठेवायचे?

तेवढ्यात लॅबच्या ताईंचा फोन आला. माझ्यासारखीच नमुने घेणारी एक मुलगी आजारी पडली होती, चार घरं उरली होती. "तुला कुठे जायचं असतं म्हणा," त्या म्हणाल्या. "करतेस का जरा?" आजवर मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

"आज नाही जमणार, ताई. आत्यांकडे जायचंय."

ताई म्हणाल्या, "तुला आत्या आहे? बोलली नाहीस कधी. जा, जा, मी बघते कुणीतरी."

मी फोन पिशवीत टाकला, खोलीला कुलूप लावलं आणि रस्त्याला लागले.