बदलीचं मांजर

बोळा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरवाल्या बाईंचा फोन आला. बोळा त्यांच्याकडूनच आणलेला. आवाजात मध घोळवून बाई म्हणाल्या, "अहो ताई, तुमचा मेसेज वाचला, फार वाईट वाटलं हं. पण तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. रिकामी टोपली घेऊन या आणि दुसरं पिल्लू घेऊन जा. आमच्याकडे बदली मिळते."

बदली मिळते! जणू मिक्सरचं भांडं गळत होतं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा समोर चहा पीत होता, तो म्हणाला, "जाऊ दे ना, अगं. भांडून बोळा परत येणार आहे का?" त्याचं सगळं आयुष्य जाऊ दे म्हणण्यात गेलं होतं. ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो कप घेऊन मुकाट्याने आत गेला. मग तिने पलंगाखालची बोळ्याची टोपली ओढून काढली. पिल्लू आणायला नाही. ती टोपली बाईंच्या डोक्यात घालायला.

ताई गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि ही शेजारी, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. इतकी वर्षं तो ब्रेक दाबून तिच्या पायाला खोडच लागली होती. घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघताना पडद्यावरची गाडी ठोकणार असं दिसलं, की तिचा पाय धाडकन फरशीवर आपटायचा. आणि बोळा, तो पांढरा कापसाचा बोळा, सोफ्याखाली त्याच क्षणाची वाट बघत दबा धरून बसलेला असायचा. पाय आपटला की त्याने झडप घातलीच. एरवी तो तिच्या छातीवर आडवा व्हायचा. त्याचं काळीज भराभर धावायचं, मध्येच एक ठोका गाळायचं, परत धावायचं. "याचं इंजिन मिसिंग करतंय बघा," असं ती हसून नवऱ्याला सांगायची. तेव्हा हसली होती. आता ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

वर्षाचासुद्धा झाला नव्हता तो. आदल्या दिवशी खुर्चीवरून उडी मारली आणि किंचाळतच खाली आला. मागचे दोन्ही पाय लुळे, तोंड उघडं, कुत्र्यासारखी धाप. दवाखान्यात पोचेपर्यंत ते पाय गार पडले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलल्या. हृदयाची भिंत जाड झालेली, तिथली गुठळी सुटून पायांच्या रक्तवाहिनीत अडकलेली. शर्थ केली त्यांनी. तो ताईच्या हातातच गेला. नंतर हात धुता धुता त्या म्हणाल्या, "हा आजार बहुतेक वेळा आईकडून नाहीतर बापाकडून येतो. ज्यांच्याकडून आणलात त्यांना सांगा, आईबापाच्या हृदयाची सोनोग्राफी करा. तोवर पुढची पिल्लं काढू नका."

ताईने ते लगेच मेसेजमध्ये लिहून कळवलं होतं. शब्दन् शब्द. त्यावर हे उत्तर. बदली.

त्या सकाळी शिकायची पाळी एका आजोबांची होती. निवृत्त माणूस, परीक्षेत दोनदा नापास, पण जिद्द सोडायला तयार नाही. ताई टोपली मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, आज मैदानात चकरा नाहीत. आज लांब जायचंय." तिचा चेहरा बघून आजोबांनी कुठे, कशाला, काही विचारलं नाही. आरसा मात्र तीनदा नीट केला.

बाईंचं घर म्हणजे बघत राहावं. पुढच्या खोलीत पांढरेशुभ्र पडदे, काचेचा टीपॉय, भिंतीवर सरदाराचा हा एवढा मोठा फोटो. सरदार म्हणजे बाईंचा नर. सगळी पिल्लं त्याचीच. फोटोखाली मऊ जाळीच्या कुंपणात चार पिल्लं लोळत होती आणि एक नवीन लग्न झालेलं जोडपं गालिच्यावर बसून त्यांना खेळवत होतं. मुलीने एक पिल्लू गळ्याशी धरलं होतं. पांढरं. ताईला बघवेना.

"या या ताई," बाई उठल्या आणि लगेच जोडप्याकडे वळल्या. "बघा, यांचं पिल्लू बिचारं गेलं. खाण्यात काहीतरी आलं असणार."

"खाण्यात काही आलं नव्हतं," ताई म्हणाली. "मी तुम्हाला सगळं लिहून कळवलंय. बापाची तपासणी केलीत का?"

"अहो, सरदाराला काय धाड भरलीये? खातोय, पितोय." बाई हसल्या. "आणि आमच्याकडे टाळाटाळ नसते हो. एका शिक्षिकाबाईंचं पिल्लू गेलं, लगेच दुसरं दिलं. ते दुसरं गेलं, तर तिसरं दिलं. एका शब्दाने विचारलं नाही की तुम्ही काय केलंत. आमचा शब्द म्हणजे शब्द. पिल्लू गेलं तर या घरातलं कुठलंही मांजर उचला आणि घेऊन जा!"

बाईंना वाटत होतं, आपण आपली शेखी मिरवली. आपण काय कबूल करून बसलो याचा त्यांना पत्ताच नव्हता. कळलं ते त्या मुलीला. तिने हातातल्या पिल्लाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "दुसरंपण गेलं? तसंच?"

"अगं, जिवंत जीव आहे, चालायचंच!"

"चालायचंच?" ताईचा आवाज असा फुटला की कुंपणातली पिल्लं दचकून कोपऱ्यात पळाली. "एक गेलं तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, मान्य. दुसरं गेलं तेव्हा कळायला हवं होतं. तरी तिसरं दिलंत, डोळ्यांदेखत मरायला! ब्रेक लागत नाही हे माहीत असून गाडी विकणाऱ्याला काय म्हणतात हो? तुम्हाला लाज कशी वाटत नाही? या पिल्लांची तोंडभरून कौतुकं करायची, बाळं बाळं म्हणायचं, आणि एक साधी सोनोग्राफी करायला जिवावर येतं?"

"हे बघा, तोंड सांभाळून बोला. पिल्लू हवं तर घ्या, नाहीतर चालू पडा."

"घेते ना. कुठलंही म्हणालात. कुठाय सरदार?"

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. "सरदार? अहो, तो... तो द्यायचा नाहीये."

"आत्ता तर कुठलंही म्हणालात," जोडप्यातला मुलगा म्हणाला. मुलीने पांढरं पिल्लू परत कुंपणात ठेवलं, फार जपून, आणि उठून उभी राहिली.

ताई तोवर आतलं दार उघडून गेलीसुद्धा. बाहेर पडदे आणि गालिचे, आणि आत हा राजा एका पत्र्याच्या पिंजऱ्यात. वळायला जेमतेम जागा. फोटोतला रुबाब कुठल्या कुठे गेलेला. तिने कडी काढली. ती बोचकारे खायच्या तयारीनेच गेली होती. पण सरदाराने नुसतं डोकं तिच्या मनगटावर टेकवलं.

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मी पोलिसांना बोलावेन!"

"बोलवा. शिक्षिकाबाईंची दोन आणि माझा बोळा, तीन पिल्लं कशी गेली ते त्यांना सांगा. आणि एक ऐकून ठेवा. या शहरात ज्याला गाडी शिकायची असते तो महिनाभर माझ्या शेजारी बसतो. मी सबंध वेळ बोलते, आणि चालत्या गाडीतून कोणाला पळून जाता येत नाही. त्या चारही पिल्लांची तपासणी करा, आणि घेणाऱ्याला बापाचं सगळं सांगून मगच द्या. नाहीतर मी आहे आणि तुम्ही आहात."

बाई जोडप्याकडे बघू लागल्या. जोडपं चपला घालत होतं. बाई बाजूला झाल्या.

आजोबांनी टोपलीत भलंमोठं मांजर बघितलं आणि भुवया उंचावल्या. "हे पिल्लू?"

"हा बोळ्याचा बाप आहे. आमच्याकडे दुसरं मांजर नाही आणि येणारही नाही. याची पिल्लं बंद. चला, आरसा, सिग्नल, पहिला गिअर."

रस्ताभर तिचं तोंड चालू होतं. बाईंचा, बाईंच्या पडद्यांचा, त्या फोटोचा उद्धार झाला. आजोबा हूं हूं करत चालवत होते, आणि चक्क बरं चालवत होते. टोपलीत सरदार गुपचूप बसला होता. ताईने झाकण उघडून हात आत घातला आणि त्याच्या छातीखाली तळवा ठेवला. धावत होतं. धावलं, धावलं, एक ठोका गाळला, परत धावलं.

तिचा पाय खाडकन ब्रेकवर पडला.

गाडी भर रस्त्यात थांबली. मागून हॉर्नचा नुसता गलका उठला. आजोबांची पाचावर धारण बसली. "काय झालं? माझं काय चुकलं, ताई?"

"तुमचं काही नाही चुकलं हो, आजोबा," ती म्हणाली, आणि कालपासून अडलेलं रडू एकदाचं फुटलं. तिने पाय ब्रेकवरून काढला, हात मात्र तिथेच ठेवला. "यालाही तेच आहे. दवाखान्याकडे घ्या. सावकाश."