संकलन : म. वा. गांगुर्डे

“काका, गांगुर्डे मॅडम जाऊन सहा वर्षं झाली,” तेजल म्हणाली.

सावळीराम दोंदे यांना ‘जाऊन’चा अर्थच लागेना. नोकरी सोडून गेल्या, की गाव सोडून? आणि मॅडम कोण? ते तर म. वा. गांगुर्डे नावाच्या गृहस्थांविरुद्ध तक्रार घेऊन दैनिकाच्या कचेरीत आले होते.

हातात आजचा अंक होता. शब्दकोड्यातला अठरावा आडवा शब्द : ‘दोन हजारांच्या नव्या नोटेचा रंग’, तीन अक्षरे. गुलाबी. त्यात अवघड काहीच नव्हते. पण ती नोट काढून घेतल्यालाही दोन वर्षे उलटून गेली होती, मग नवी कसली? पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला असली ढिलाई खपत नसे. त्यांनी फुलस्केपवर रीतसर अर्ज लिहिला होता, कोडे निष्काळजीपणाने छापले जात असून संबंधितांना समज द्यावी असा, आणि सातपूरहून सिटी बस धरून ते सकाळीच येऊन थडकले होते.

तेजल पुरवणीचे काम बघायची. तिने त्यांना खुर्ची दिली आणि सगळे सांगितले. मॅडमचे पूर्ण नाव मालन वाल्मीक गांगुर्डे, राहणार दिंडोरी. २०११पासून कोडी देत होत्या, २०१९मध्ये पोटाच्या आजाराने वारल्या. दुसरे कोणी मिळाले नाही म्हणून त्यांचीच कोडी पहिल्यापासून क्रमाने पुन्हा लावायला घेतली.

“आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही,” ती म्हणाली. “तुमच्याच आलं बघा.”

तिने हे कौतुकाने म्हटले होते. सावळीरामांना मात्र भर ऑफिसात कोणी थोबाडीत मारल्यासारखे झाले. अर्जावर शिक्का बसला, तो संपादकांच्या टेबलावर गेला, आणि ते घरी कसे पोचले हे त्यांचे त्यांनाच कळले नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. सोडवलेले प्रत्येक कोडे ते वहीत चिकटवत. मागे वळून बघायची वेळ मात्र कधी आली नव्हती. २०१७ची वही उघडली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ते सापडले. तीच चौकट, तीच काळी घरे, आणि अठरा आडव्यामध्ये त्यांच्याच अक्षरात गुलाबी. सात उभ्याला तेव्हा त्यांनी आधी ‘पालवी’ लिहून, खोडून ‘पाकळी’ केले होते. आज सकाळीही त्यांनी ‘पालवी’च लिहून, खोडून ‘पाकळी’ केले होते. दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी धरले.

कॉलनीच्या बागेत ते सगळ्यांना सांगत असत, की वयाबरोबर माझी बुद्धी तल्लख होत चाललीय; पूर्वी चाळीस मिनिटं लागायची, आता पंधरात कोडं सुटतं. पत्नी मंगलाबाईही हे शेजारणींना अभिमानाने सांगायच्या.

“मंगल, सहा वर्षं मी तेच तेच सोडवतोय,” ते म्हणाले.

मंगलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “मग काय झालं? मी तीच भाजी करते की.”

पण तेवढ्याने भागणारे नव्हते. चूक दिसली की सावळीराम पोस्टकार्ड टाकत. ‘श्री. म. वा. गांगुर्डे यांस’ असा मायना, खाली चूक, खाली सही. उत्तर कधी आले नाही, तरी त्यांनी लिहिणे सोडले नव्हते. मनातल्या मनात त्यांनी या गृहस्थांना धोतर, चष्मा आणि निवृत्त मुख्याध्यापकाचा करडा चेहरा दिला होता. रोज सकाळी त्यांच्याशीच तर सामना असायचा. गेल्या सहा वर्षांतही त्यांनी अकरा कार्डे टाकली होती. त्यातले एक दिवाळीच्या शुभेच्छांचे.

दुसऱ्या दिवशी तेजलकडून फोनवर पत्ता घेऊन त्यांनी सीबीएस स्थानकावरून दिंडोरीची बस धरली. घर गावाबाहेर, द्राक्षबागेच्या कडेला होते. मालनबाईंचे यजमान, वाल्मीक गांगुर्डे, पायरीवर बसून छाटणीच्या कात्र्यांना तेल देत होते. सावळीरामांनी नाव सांगितले तसे त्यांनी वर पाहिले.

“दोंदे? कार्डवाले?”

आत जाऊन त्यांनी पत्र्याचा डबा आणला. सगळी पोस्टकार्डे त्यात होती, तारखेने लावलेली. कचेरीतला शिपाई महिन्याकाठी ती पाकिटात घालून पाठवायचा. वाल्मीकराव थांबत थांबत सांगत राहिले. मालनबाई नववीपर्यंत शिकलेल्या. गावच्या वाचनालयातली पुस्तके त्यांनी संपवली, मग कोडी रचायला लागल्या. द्राक्षांच्या हंगामात पेट्या भरता भरता पुठ्ठ्याच्या मागे घरे आखायच्या. मजूर बायांना शब्द विचारायच्या.

“त्यांनी मला एकदाही उत्तर दिलं नाही,” सावळीराम म्हणाले.

“तुम्ही श्री. लिहायचा ना. तिला लय हसू यायचं. म्हणायची, ह्यांना कळलं मी बाई हाय, अन् नववी शिकलेली, तर चुका काढायचं सोडून देतील. म्हणून नाय लिहिलं.” मग डब्याचे झाकण लावत ते म्हणाले, “ती गेल्यावरबी तुमची कार्डं आली. दिवाळीचंबी आलं. मी फोटोपुढं वाचून दाखवलं.”

चहा आला, तो सावळीरामांच्या हातातच निवला.

निघताना त्यांनी कसेबसे विचारले, की जुनीच कोडी छापतात हे तुम्हाला माहीत होतं?

“माहितीय की. मला कोडं येत नाय. पण पेपर घेतो. खाली तिचं नाव असतं, तेवढं बघतो अन् बागेत जातो.”

आपल्या अर्जाबद्दल सांगायचे सावळीरामांच्या ओठांवर आले होते. त्यांनी चपला घातल्या आणि परतीचा रस्ता धरला.

बसमधून उतरून ते घरी न जाता थेट कचेरीत गेले. तेजलने सांगितले, साहेबांनी अर्ज वाचला, पुढच्या एक तारखेपासून बाहेरून तयार कोडी घ्यायची ठरलीत, कॉम्प्युटरवर केलेली. त्यांच्याखाली नाव नसतं.

“अर्ज मला परत दे, बाळ.”

“काका, शिक्का बसलाय त्यावर.”

शिक्का बसलेला कागद परत मिळत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी दुसरा कोरा कागद मागितला आणि तिथेच उभ्याने लिहायला घेतले. जुनी कोडी मी आधी तपासून देईन. शिळी झालेली सूचना बदलून देईन. मोबदला नको. खालचे नाव मात्र आहे तेच राहावे. संपादकांनी दीड तास बाहेर बसवून ठेवले, मग आत बोलावले. काम फुकटात होत होते, त्यांनी मान डोलावली.

आता दर शनिवारी तेजल आठवड्याची सात कोडी उत्तरांसकट पाठवते. सावळीराम एकेक सूचना वाचतात, बदललेली पदे, बंद पडलेल्या गाड्या, निवृत्त झालेले खेळाडू काढतात आणि त्याच शब्दासाठी नवी सूचना शोधतात. एखाद्या सूचनेपायी दोन दोन दिवस जातात. मालनबाईंनी वापरला असता तसाच सरळ, घरगुती शब्द हवा, यावर ते अडून बसतात. तुमचंही नाव घालू का, असे तेजलने एकदा विचारले. त्यांनी नको म्हटले.

सकाळी सोडवायला मात्र आता काही उरले नाही. पहिले काही दिवस ते सवयीने पेन्सिल घेऊन बसत, आणि एकही घर न भरता उठत. परवा पेपर आला तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. सावळीरामांनी आतले पान काढले, कोड्याखालची ओळ पाहिली, पेपर नीट घडी करून बाजूला ठेवला. मंगलाबाईंनी मेथीची जुडी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि ते एकेक पान खुडू लागले.