तळघरातले ससे

ऑर्विल हॅस्कल बोलायला लागला की वर्ना लुंडक्विस्टच्या डोळ्यांपुढे भुसा भरलेला टर्की पक्षी उभा राहायचा. छाती एवढी मोठी, आत काही नाही. आयोवातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तो तिचा विभागप्रमुख. कर्करोगाची गाठ झालेल्या सशांच्या रक्तात कॅल्शियम चढतं ते मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी माजतात म्हणून, हे पालुपद तो कायम लावायचा.

वर्नाने त्या ग्रंथीच काढून पाहिल्या. कॅल्शियम तसूभरही उतरलं नाही.

"एखादी राहिली असेल तुझ्याकडून," हॅस्कल म्हणाला.

"एकही राहिली नाही. गाठच प्रोस्टाग्लँडिन बनवतेय आणि ते हाडं विरघळवून कॅल्शियम रक्तात सोडतंय. ग्रंथी बिचाऱ्या उलट गप्प बसतात. ते रसायन थांबवणारं औषध देऊन बघू द्या."

"कुठलं? माझी सासू गुडघ्यांना घेते ते?" तो खो खो हसला. बरोबर त्याचे दोन चमचेही हसले. "पिंजरे रिकामे कर, बाई. नव्या प्रयोगाची डुकरं यायचीयेत. शुक्रवारी ससे संपवून टाक."

त्याच्याशी वाद घालणं म्हणजे टर्कीला व्याकरण शिकवणं. शुक्रवारी वर्नाने पिंजरे गाडीत घातले आणि घरी नेले.

"तळघरात?" नवरा एमेट ओरडला. "वर्ना, अगं तिथे माझं सुतारकाम चालतं!"

"तुझं टेबल गेली दोन वर्षं तीन पायांवर उभंय. सरक."

ती सशांना ओट्सच्या दाण्यांत कालवून औषध द्यायची, कानाच्या शिरेतून रक्त काढायची आणि मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायची. महिनाभरात कॅल्शियम उतरलं. मलूल पडलेले ससे उठून खायला लागले. गाठी मात्र वाढतच राहिल्या, आणि ससे एकेक करून गेलेच. प्रत्येकाला पुरताना एमेट खड्डा खणायचा.

विभागाच्या बैठकीत तिने सगळं मांडलं. "घरात केलं त्याला स्वयंपाक म्हणतात," हॅस्कल म्हणाला. तिने त्याच दिवशी राजीनामा दिला.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, बर्फ पडत असताना हॅस्कल तिच्या दारात उभा राहिला. टोपी हातात, आवाजात मध.

"वर्ना, आम्हीही सशांना ते औषध देऊन बघतोय. डोस किती देत होतीस?"

म्हणजे आता हे त्याच्या नावाने छापून येणार. तिने त्याला आत या म्हटलं नाही. त्याच्या टकलावर बर्फ साचत होता आणि ते बघायला तिला बरं वाटत होतं. दार लावून घ्यावं, करू दे चुका. पण चुका भोगणार कोण?

तिने डोस सांगितला, दोनदा, मठ्ठ पोराला सांगावा तसा.

"थँक यू. खरंच मोठं मन—"

"तुमच्यासाठी नाही सांगितला," ती म्हणाली. "औषध जास्त झालं तर जठराला भोकं पडतात, आणि ससा ओरडतसुद्धा नाही."

आणि तिने दार लावून घेतलं.